बोरीच्या झाडापासून सात हात

अर्दिया, कुवेत
शुक्रवार, ५ मार्च १९९९

तीर्थस्वरूप दादास गुरुप्रसादचा शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार सवयीने घातला आहे. त्यावरून माझा राग गेला असा अर्थ काढू नये.) आम्ही दोघं इथे खुशाल आहोत, म्हणजे कंबर, दोन्ही गुडघे आणि उजवं मनगट सोडून बाकीचा मी खुशाल आहे. उल्काही खुशाल आहे, पण ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि तुझ्याशी तेवढंही बोलणार नाही असं तिने मुद्दाम कळवायला सांगितलं आहे. आईचा दमा कसा आहे? शैलावहिनी पथ्य पाळतात का? चि. शलाकाला अनेक आशीर्वाद. तिच्या सासरची मंडळी (होणाऱ्या सासरची, तुझ्या कृपेने अजून काहीच झालेलं नाही) तारखेसाठी आणखी किती थांबायला तयार आहेत ते कळव. मोठ्या भावाला पत्रात 'तुम्ही' लिहावं असं अण्णांनी शिकवलं होतं, पण रागात 'तुम्ही' लिहिलं की वकिलाची नोटीस पाठवल्यासारखं वाटतं, म्हणून 'तू'च लिहितो.

आता मुद्द्यावर येतो. आपण काय करून ठेवलं आहे हे तुला एकदा सलग वाचायला मिळावं म्हणून पहिल्यापासून लिहितो. नव्वद सालच्या ऑगस्टात इराकचं सैन्य इथे घुसलं तेव्हा तू याच अर्दियात, अबू फहदच्या बंगल्यामागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत (इथे त्याला मुल्हक म्हणतात, हे मला सांगणारा तूच) एकटा राहत होतास. वहिनी आणि शलाका सुट्टीला नाशिकला गेल्या होत्या. थोरला म्हणून आईने घराण्याचे टाक तुझ्या हवाली केले होते. बगदाद-अम्मानच्या रस्त्याने बसने निघायचं ठरलं, नाक्यानाक्यावर झडती घेतात असं कानावर आलं, म्हणून देवीचा, खंडोबाचा, भैरोबाचा आणि वीराचा असे चारही चांदीचे टाक तू दुधाच्या पावडरीच्या डब्यात घातलेस, डबा अंगणात पुरलास आणि जीव वाचवून घरी आलास. इथवर माझी काही तक्रार नाही. मी असतो तर मीही तेच केलं असतं. (फक्त खूण नीट ठेवली असती.)

माझी तक्रार पुढची आहे. तू परत आला नाहीस. कुवेतचं नाव काढलं की तू पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आत जातोस, आणि तुला काही विचारायचं नाही असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी इथे नोकरीला आलो तेव्हाही तू मला स्टेशनवर पोचवायला आला नाहीस. टाकांचा विषय असाच झाकून राहिला असता. पण शलाकाचं लग्न ठरलं आणि आईने सांगितलं की टाक आल्याशिवाय देवक बसणार नाही, गोंधळ होणार नाही आणि तारीखही धरायची नाही. गुरुजी म्हणाले, नवे घडवा, मी यथासांग प्रतिष्ठा करून देतो. त्यावर आईने विचारलं, नवे घडवले तर जुन्यांना काय सांगू, तुम्ही वाळूत राहा, आम्ही मांडवात बसतो? गुरुजींनी पंचांग मिटलं. खरं सांगायचं तर मलाही आईचंच पटलं. म्हणूनच तुझा फोन आला तेव्हा मी नाही म्हणू शकलो नाही, आणि तिथेच माझा घात झाला.

फोनवर तू तीन हुकूम सोडलेस. एक, तोच मुल्हक रिकामा झाल्याचं कानावर आलं आहे, तो भाड्याने घे. दोन, काय शोधतो आहेस ते अबू फहदला कळता कामा नये. तो मुसलमान माणूस, देवांच्या मूर्ती पाहिल्या तर उचलून फेकून देईल. आणि तू माझा भाऊ आहेस हेही सांगू नकोस, लगेच ओळखेल. तीन, जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र मिळतं, ते घे, टीव्हीवर दाखवलं होतं, अगदी सोपं असतं. दादा, टीव्हीवर हृदयाचं ऑपरेशनही दाखवतात. पण तू थोरला. आम्ही साल्मियातलं चांगलं घर सोडलं, जिथे खाली भाजीवाला मेथी ठेवत होता आणि वरच्या मजल्यावर गणपतीला आरती म्हणायला माणसं होती, आणि इथे आलो. उल्काला हॉस्पिटल जवळ पडतं असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. मला रिफायनरी किती लांब पडते हे कोणी विचारलं नाही.

यंत्र मी शुक्रवारच्या बाजारात जुनं घेतलं. काठीला एका टोकाला ताटलीएवढं कडं, दुसऱ्या टोकाला पेटी, आणि कानाला लावायचे भोंगे. लोखंड सोडून बाकीच्या धातूवरच वाजावं म्हणून पेटीवर एक बटण असतं; ते तुटलेलं होतं. विकणारा म्हणाला, त्याची गरज कधी लागतच नाही. माहितीची पुस्तिका जर्मन भाषेत होती, म्हणून मी चित्रांवरून शिकलो. नवशिक्याने आधी आपल्याच वस्तू पुरून आवाज ओळखायला शिकावं असं चित्रात दिसत होतं. मी बादलीभर वाळूत उल्काचे पैंजण पुरले. वाजले. मोठ्या आनंदाने समुद्रावर सरावाला गेलो. तिथे तासन्‌तास वाकून मी जे धन मिळवलं ते असं: पेप्सीच्या डब्यांच्या असंख्य कड्या, एक चमचा, गाडीची किल्ली, खेळण्यातला ट्रक आणि बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या. चांदी आणि पेप्सीची कडी यांत या यंत्राला काडीचा फरक वाटत नाही. आणि हे यंत्र हळू, जमिनीलगत, लादी पुसल्यासारखं फिरवायचं असतं. (मी जन्मात लादी पुसलेली नाही, हे इथे नमूद करायला उल्काने सांगितलं आहे.)

मग अंगण. तू खूण दिली होतीस की बोरीच्या झाडापासून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे सात हात. आता स्वयंपाकघर पाडून दुसरीकडे बांधलं आहे, आणि खिडकी पूर्वी कुठे होती हे विचारायची तू बंदी घातलेली. हात कोणाचे तेही तू सांगितलं नाहीस. तू ताडमाड, मी आईवर गेलेला. तुझ्या सात हातांत माझे नऊ बसतात. म्हणून सगळंच अंगण पालथं घालायचं ठरलं. अबू फहद (रिटायर शाळामास्तर, पांढरी दाढी, अतिशय सभ्य माणूस) पहिल्याच शुक्रवारी विचारायला आला, तेव्हा मी तुझ्या हुकमाप्रमाणे थाप मारली की मला बागकामाची आवड आहे, आणि लढाईतलं काही जमिनीत राहिलं असेल तर कुदळ मारण्याआधी कळावं म्हणून हे यंत्र आणलं आहे. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तो गाडीभर रोपं घेऊन आला. तेव्हापासून मी खड्डा खणला की तो त्यात झाड लावतो. चार मिरच्या, कण्हेरी, खजुराचे कोंब, आणि बोरीची आणखी तीन झाडं. (म्हणजे तुझ्या त्या एका खुणेच्या आता चार खुणा झाल्या.) संध्याकाळी मित्रमंडळी बसतात तिथे तो माझं कौतुक करतो. परवा शेजारच्या दोन घरांतून निरोप आला की मुहंदिसने (म्हणजे इंजिनिअरने, म्हणजे मी) आमच्याकडेही खणून द्यावं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. आता नीट वाच. जमिनीत काय असेल ते सांगता येत नाही म्हणून मी रिफायनरीतले सेफ्टी शूज घालून अंगणात उतरायचो. चार पावलं गेलो की यंत्र खणखणीत वाजायचं. आता खाली आपले देव. कुलदेवतेच्या डोक्यावर बूट घालून मी कुदळ कशी मारणार? म्हणून मी यंत्र ठेवायचो, बूट काढून लांब भिंतीशी नेऊन ठेवायचो, हात जोडायचो आणि अनवाणी खणायचो. काही नाही. यंत्र पुन्हा फिरवायचो, तर ते गप्प. देवी आत्ता होती आणि आत्ता नाही. बूट घालून पुढे सरकलो की पुन्हा वाजायचं. पुन्हा बूट काढायचे, पुन्हा हात जोडायचे, पुन्हा ती गायब. थंडीचे सगळे शुक्रवार यात गेले. माझी खात्री पटली की देवी माझ्यावर रुसली आहे आणि जमिनीखालून सरकते आहे.

हे मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा एखाद्या भल्या माणसाने यंत्र तपासायला सांगितलं असतं. तू विचारलंस, सोवळ्यात खणतोस का? मी पंचा नेसून खणलं. (डिसेंबरात. इथे डिसेंबरात दात वाजतात.) मग तू म्हणालास, कांदा-लसूण बंद कर. बंद केला. मग नारळ वाढवायला सांगितलास. तो मी वाढवला, आणि अबू फहदला सांगितलं की नारळाचं पाणी मुळांना चांगलं असतं. आता तोही प्रत्येक रोपाला नारळाचं पाणी घालतो. आणि सगळ्यात शेवटी तू विचारलंस की उल्का हॉस्पिटलातून येऊन यंत्राला हात तर लावत नाही ना. दादा, ती दुसऱ्या फोनवर ऐकत होती.

त्या शुक्रवारी ती ड्यूटीवरून आली, मला पंचा नेसून खड्ड्याशी हात जोडून उभा पाहिला, यंत्र उचललं आणि भिंतीशी ठेवलेल्या माझ्या बुटांवर फिरवलं. यंत्र खणखणीत वाजलं. सेफ्टी शूजच्या पुढच्या टोकात पोलादाची वाटी असते. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. त्या वाट्या पायाचं रक्षण कसं करतात यावर मी नव्या पोरांना व्याख्यान देतो. पण तू फोनवर सोवळ्याचे प्रश्न विचारत होतास आणि मी त्यांची उत्तरं शोधत होतो, त्यामुळे बुटांचा विचार आपल्या दोघांच्याही डोक्यात आला नाही. उल्का मोठ्याने हसली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आत जाऊन झोपली.

तर दादा, मी हात टेकले. यापुढे मी कुदळीला शिवणार नाही. आयुष्यभर तू हुकूम सोडायचेस आणि मी पळायचं, आणि तू मात्र कुठे पाऊल टाकायचं नाहीस, हा व्यवहार मी आज बंद केला. तुझी भीती तू माझ्या डोक्यावर ठेवलीस आणि वरून माझं सोवळं तपासलंस, याचा मला फार राग आला आहे आणि तो लवकर जाईल असं वाटत नाही. आईच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार. तुला वर घातलेला आहे तोच पुरे.

तुझा (नाइलाजाने) धाकटा भाऊ,
गुरुप्रसाद

ता. क. यंत्र मी विकलेलं नाही. शेजारचे लोक चहाबरोबर खजूर देतात आणि माझी वाट बघतात. बूट बदलल्यापासून मला ते बरं जमायला लागलं आहे. कालच एकाच्या अंगणात त्याच्या आजीचा कॉफी कुटायचा पितळी दांडा सापडला. हे उल्काला कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. टाक आहेत. चारही. हे मी आधी लिहिलं असतं तर तू वरची पानं वाचली नसतीस आणि माझा राग फुकट गेला असता. बुटांचा शोध लागल्याच्या दुसऱ्या दिवशी उल्का शिरा घेऊन अबू फहदच्या बायकोकडे गेली आणि आपल्या हॉस्पिटलातल्या अरबीत तिने सगळं सांगून टाकलं. मी कोणाचा भाऊ, डब्यात काय, सगळं. तासाभरात म्हातारा डबा घेऊन आमच्या दारात. एक्क्याण्णव साली पाण्याचा पाइप फुटला, खणताना डबा वर आला. ते टाक त्याने लगेच ओळखले. तू रोज सकाळी खिडकीत दिवा लावून ते पुसायचास, तेव्हा तो अंगणात बोरीला पाणी घालत असायचा. तेव्हापासून त्याने ते स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळून स्वतःच्या कपाटात ठेवले आहेत. मला दाखवले, हात लावू दिला, आणि पुन्हा गुंडाळून घरी घेऊन गेला. ही अमाना आहे म्हणाला, विश्वासाने ठेवलेली वस्तू. ती ज्याची त्याच्याच हातात द्यायची. मी भाऊ असून उपयोग नाही.

शेवटचा ता. क. तू निघालास त्या दिवशी त्याचा थोरला, फहद, स्वतःच्या गाडीतून तुला बसपर्यंत सोडायला आला होता. ते तू एकदाच सांगितलं होतंस, वहिनींना. पुढचं तुला माहीत नाही, मलाही परवाच कळलं. नंतर महिन्याभरात सैनिक फहदला घरातून घेऊन गेले. तो अजून आलेला नाही, आणि काय झालं तेही कोणी सांगत नाही. मी अबू फहदला म्हणालो, तुम्ही दादाशी फोनवर बोला, हवं तर तो लिहून देईल, मी टाक घेऊन जातो. त्याने आधी माझा कप कॉफीने भरला. मग म्हणाला, फोन नको, त्या वर्षी या घरातून गेलेलं एक तरी माणूस मला दारातून परत आत येताना बघायचं आहे. तुझ्या व्हिसाचं मी बघतो. आईला तारीख धरायला सांग, आणि दादा, तू ये.