जाताना सहा, येताना बारा

१७ जून १९६८
सुमती मॅट्रिकला गणितात गेली. बाकी सगळ्यात पास. आता ऑक्टोबरला पुन्हा बसायचं.

संध्याकाळी बाबाराव भाऊजी आले. यांचे धाकटे भाऊ. हे गेल्यापासून घरात शब्द त्यांचा. म्हणाले, वहिनी, ऑक्टोबर पाहून घेऊ. पास झाली तं नर्सिंगले घाला, मी आडवा येत नाही. नाही तं मौद्याचं स्थळ तयार आहे. मी म्हटलं, मंजूर. मला भ्यायचं कारण नाही. शिकवणी लावणार नाही, मीच शिकवणार. सुताच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत मी वाचायला शिकले, बीजगणित काय त्याच्याहून अवघड आहे?

संकल्प: रोज दहा उदाहरणं.

३ जुलै
आज तीन झाली. मागाच्या कांड्या भरायच्या होत्या. उद्या सतरा.

१९ जुलै
कालची धरून बरीच साचली, ती सोडून दिली. वेग, वेळ, अंतर हे प्रकरण घेतलं. हे मला शिकायची गरजच नाही.

हे दर आठवड्याला सायकलवर लुगड्यांचे गठ्ठे घेऊन मौद्याच्या बाजाराला जात. छत्तीस किलोमीटर. जाताना ओझ्यामुळे सायकल हातानं ढकलत, ताशी सहा. येताना रिकामी, बसून, ताशी बारा. सहा आणि बारा अठरा, निम्मे नऊ. जाऊन-येऊन बहात्तर, भागिले नऊ, आठ तास. बाजाराचे चार. पहाटे पाचला निघालेला माणूस संध्याकाळी पाचला दारात पाहिजे. (तेव्हा मी मैलांत करायची. आज किलोमीटरात केलं, उत्तर तेच.)

हे सहाला यायचे. नेहमी सहाला. विचारलं की म्हणत, कुठं नाही बसलो वं, वाटेतच होतो. पत्ते खेळत बसत असणार. मी ताट वाढायची आणि बोलायची नाही. जाऊन नऊ वर्षं झाली. ताट वाढायचं राहिलं नाही, पण तो एक तास मी अजून माफ केलेला नाही.

९ ऑगस्ट
पुस्तकात तसंच उदाहरण आहे. जाताना दहा, येताना पंधरा, सरासरी वेग काढा. साडेबारा. मागं उत्तर बारा छापलं आहे. अर्धा छापखान्यानं खाल्ला. पेन्सिलीनं दुरुस्त करून ठेवलं.

२४ ऑगस्ट, दुपार
चौथी चूक सापडली. असली पुस्तकं मुलींच्या हातात देतात. सुमती हळूच म्हणाली, आई, जायचे तास वेगळे काढू का, यायचे वेगळे? मी म्हटलं, एवढा वळसा कशाला? बेरीज कर, निम्मे कर. ती गप्प झाली. म्हणजे समजलं.

भाऊजींनी समोरच्या भिंतीला चुना मारून घेतला. दिवाळीला अवकाश आहे, पण माणूस स्वस्तात भेटला म्हणाले.

१५ सप्टेंबर
शेजारच्या शोभाताई शाळेत गणित शिकवतात. म्हणाल्या, पोरीले पाठवा ना माझ्याकडे, पैसे नको मले. काहून एकट्याच झगडून राहिल्या? मी म्हटलं, आमचं सगळं झालं आहे. ऐन वेळी दुसऱ्याची पद्धत शिरली की मुलीचा गोंधळ होतो.

दुपारी मौद्याची बाई येऊन गेली. मुलाची आई. रामदासपेठेत कुणाला दवाखान्यात पाहायला आली होती, म्हणून सहज. सुमतीला आतून पाणी आणायला लावलं. पेला ठेवला आणि पुन्हा आणायला लावलं. म्हणाली, आमची विहीर दूर आहे, भरल्या घागरीनं चालता येते का पोरीले? मी म्हटलं, तिला नर्स व्हायचं आहे. बाई हसली. हसऱ्या स्वभावाची आहे.

३० सप्टेंबर
सुमतीनं आपलं फाउंटन पेन मैत्रिणीला, गोपिकेला, कबूल केलं. पेपर झाला की घेऊन जा म्हणाली. उदार आहे, बापावर गेली.

भाऊजींनी सीताबर्डीवरून पाणी भरायचा पितळेचा गुंड आणला. पुढं भाव चढणार आहेत म्हणे. आमच्याकडे ठेवला. झाकण नाही, वाऱ्याचा आत आवाज होतो.

संकल्प: उरलेल्या दिवसांत शंभर उदाहरणं.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ
पेपर झाला. उदाहरणं बाराच झाली होती, पण नेमकं आमचंच आलं. पाच मार्कांना. एक माणूस ताशी चारनं गावाला गेला, ताशी बारानं परतला, तर सरासरी वेग किती? मी दारातच म्हटलं, आठ. सुमती म्हणाली, आठच लिहिलं. आधी सहा आले होते. मग खोडले. तूच सांगत होती ना.

शाबास म्हटलं. शिरा केला. तिला भूक नव्हती. दमली असेल.

गोपिका येऊन पेन घेऊन गेली.

६ डिसेंबर
निकाल. तीन मार्कांनी गेली.

शोभाताई आल्या. तो प्रश्न विचारला. मी माझी रीत सांगितली. त्यांनी जमिनीवर बोटानं करून दाखवलं. गाव बारा किलोमीटर धरा. जाताना तीन तास, येताना एक. चोवीस किलोमीटर चार तासांत. सहा. म्हणाल्या, बाई, हळू वाटेत माणूस जास्त वेळ राहते. म्हणून निम्मे नाही होत. मी म्हणणार होते, छापखाना. पण समोर बोट होतं, छापखाना नव्हता.

भाऊजींजवळ पंचांग होतंच. पौष जाऊ देऊ म्हणाले, माघात उरकू. भिंत तं पांढरी आहेच.

७ डिसेंबर, दुपार
कांड्या बाजूला ठेवून मौद्याचं केलं. जाताना छत्तीस भागिले सहा, सहा तास. येताना छत्तीस भागिले बारा, तीन. नऊ. बाजाराचे चार, तेरा. पाचला निघालेला माणूस सहाला घरी.

पुन्हा केलं. सहालाच.

वाटेतच होते.

सुमती गुंड घासत होती. हात न थांबवता विचारलं, आई, मौदा किती लांब आहे? म्हटलं, छत्तीस किलोमीटर. म्हणाली, मग मले तिथून यायचं असलं तं किती वेळ लागेल?

मी म्हटलं, शोभाताईंना विचार.