सांगण्याजोगं पाप

१ सप्टेंबर, रविवार
आज चर्चमध्ये साडूंनी साक्ष दिली. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दारू, गेलेली नोकरी, दारूपायी विकलेला घरातला फ्रिज, गटाराकाठी काढलेली रात्र, आणि मग प्रभूने कसं उचललं. सगळं साग्रसंगीत. मंडळी ढसाढसा रडली. निवृत्त हेडमास्तरबाई रडल्या, ज्या नवऱ्याच्या दफनालाही रडल्या नव्हत्या. ही रडली. माझ्याच रुमालात.
मी इतकी वर्षं चर्चचं पत्रक माझ्या प्रेसमध्ये फुकट छापतोय. ते वाचून कोणाचे डोळे पाणावल्याचं ऐकिवात नाही.
मत्सर वगैरे नाही. आपली एक नोंद.

३ सप्टेंबर
पाळकसाहेब प्रेसमध्ये आले होते. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळात एक जागा रिकामी झालीय. महिनाअखेर नाव जाहीर करणार. म्हणाले, कृपा म्हणजे काय हे ज्याने अनुभवलंय असा माणूस हवा. माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. नंतर पाहिलं तर माझ्या डोक्यावर घड्याळ होतं.
साडूंना घेणार, दुसरं काय! कालचा पोर.
संकल्प : जाहीर करण्याआधी आपणही साक्ष द्यायची.

५ सप्टेंबर
साक्षीसाठी पाप शोधायला बसलो. अडचण आहे. शेजारच्यांचे पेरू चोरले होते. एकदा विनातिकीट प्रवास. विकलेल्या फ्रिजपुढे हे काय टिकणार?
या माणसाला सगळं आयतं मिळालं. आधी पापाची मजा, वर क्षमेचीही. आम्ही नाकासमोर चाललो, आम्हाला काय? धुपाटणंसुद्धा नाही.
शास्त्रातली देहाच्या कर्मांची यादी काढली. व्यभिचार, मूर्तिपूजा, चेटूक. आपल्यातलं काहीच नाही. पुस्तक मिटलं. ही म्हणाली, यादी पुढेही आहे हो, हेवा, मत्सर. म्हटलं, मजकूर कळला.

८ सप्टेंबर, रविवार
या आठवड्याच्या पत्रकात साडूंची साक्ष. जागा पुरेना म्हणून अक्षर बारीक घेतलं. फोटो काळा आला, त्याला टोनर जबाबदार. पान चारवर, खालच्या कोपऱ्यात बसवलं.
परिणाम उलटा. कोणालाच वाचता येईना, म्हणून हेडमास्तरबाईंनी भिंग घेऊन सगळी साक्ष खड्या आवाजात वाचून दाखवली. मंडळी पुन्हा रडली.

१२ सप्टेंबर
नवा संकल्प : आत्म्याने चालायचं. शास्त्रात आत्म्याचं फळ नऊ प्रकारचं : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता वगैरे. दर आठवड्याला एक प्रकार अंगी बाणवायचा. पहिला मान सहनशीलतेला.
रात्री : सहनशीलता सकाळी अकरापर्यंत उत्तम झाली. मग व्हिजिटिंग कार्डवाला निळा रंग पुन्हा बदला म्हणाला. सहनशीलता पुढच्या आठवड्यात. तूर्त सौम्यता.
मेव्हणीचा फोन. यांनी आज न सांगता भांडी घासली गं ताई. हिने फोन स्पीकरवर टाकला होता. मुद्दाम. जेवल्यावर मीही भांडी घासायला घेतली. ही म्हणाली, तव्याचं कोटिंग घालवलंत, आता गप बसा. सौम्यताही पुढच्या आठवड्यात.

१९ सप्टेंबर
पाप सापडलं! गर्व. प्रतिष्ठित आहे आणि पुरावा लागत नाही. पाळकसाहेबांनी २९ तारखेला बोलायला वेळ दिलाय.
हिच्यापुढे तालीम केली. सुरुवात : बंधुभगिनींनो, मी इतका नम्र आहे की मला त्याचा गर्व झाला. ही तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात पळाली. पाठमोरी असताना खांदे हलत होते. रडत असणार. साक्ष जमली.

२४ सप्टेंबर, मंगळवार
दुपारी साडूंचा फोन. मेव्हणी बाहेरगावी. जुना मित्र येऊन बाटली ठेवून गेलाय. म्हणाले, समोर टेबलावर आहे, साडूभाऊ, माझं काही खरं नाही. याल का?
ताबडतोब शटर ओढलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला उद्या ये म्हटलं. टॅक्सीत मन कसं हलकं झालं होतं. आनंद, आत्म्याच्या फळातला. पाळकसाहेबांचा नंबर फोनवर काढून ठेवला. वेळ सांगून येत नाही.
पोचलो. बाटलीचं सीलही फुटलेलं नव्हतं. ते पाहून एकदम थकवा आला. प्रवासाचा.
साडूंनी मला टेबलापाशी बसवलं. म्हणाले, बोला काहीतरी. मी नुसता बसून राहिलो. त्यांची नजर बाटलीवर, माझीही बाटलीवर. ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं, तरी तसेच.
मग साडू उठले आणि सगळी बाटली सिंकमध्ये ओतली. परत येऊन माझा हात धरून रडले. मी म्हटलं, असू द्या.

२६ सप्टेंबर
कामात लक्ष नाही. एक पत्रक उलटं छापलं. मी तिथे कशाला गेलो होतो, हा प्रश्न डोक्यात येतो. मदतीला. दुसरं कशाला जाईन?
पाळकसाहेबांचा तो नंबर तेवढा काढून ठेवायला नको होता.

२९ सप्टेंबर, रविवार
माझ्याआधी साडू उठले. म्हणाले, मंगळवारी मी बुडत होतो. माझे साडूभाऊ धंदा बंद करून धावत आले. उपदेशाचा एक शब्द नाही. नुसते बसून राहिले. असं प्रेम मी जन्मात पाहिलं नाही. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे वडीलमंडळासाठी माझं नाव जाहीर केलं आणि माईक हातात दिला.
गर्वाचं भाषण खिशात होतं. काढलं नाही. त्याहून अस्सल पाप मंगळवारीच हाती लागलं होतं. फ्रिजच्या तोंडात मारेल असं. तोंड उघडलं. ही पहिल्या बाकावरून टक लावून बघत होती. म्हणालो, सगळी प्रभूची कृपा, आणि खाली बसलो. खोटंही नव्हतं, हीच पंचाईत.
बाहेर साडूंनी मिठी मारली. कानाशी म्हणाले, तुमचं नाव मीच सुचवलं होतं, साडूभाऊ. पहिल्याच आठवड्यात.
माणूस अंगाने दणकट. मी सुटू पाहिलं. सोडेनात.