पिठातली पावलं

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि त्यासोबतचं पत्रक मागच्याच आठवड्यात मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सगळे ठीक. माझ्या गुडघ्याचं रडगाणं चालू आहे, पण ते आता घरातल्या माणसासारखं झालंय, एखाद्या दिवशी नसलं तर चुकल्याचुकल्यासारखं वाटेल. तुझी भाची उंचीत माझ्या पुढे गेली, आवाजात तर केव्हाच. तुझा खोकला कसा आहे? वाफ घेतेस का, की शिकवणीच्या मुलांवर ओरडून ओरडून तो वाढवून ठेवलायस?

दुकानात गर्दी आहे. परीक्षा जवळ आल्या की आईबापांना एकदम मुलांचे डोळे आठवतात. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढची भिंगं बदलत असते आणि एकच प्रश्न विचारत असते, “आधीचं बरं, की हे?” माणसं काय घाबरतात या प्रश्नाला! उत्तर चुकलं तर मी चष्माच देणार नाही, असं वाटतं की काय कोण जाणे. परवा एक आजोबा म्हणाले, “बाई, तुम्हाला कुठलं बरं वाटतं ते सांगा, मी तेच म्हणतो.”

तुझं पत्रक वाचताना माझं त्या आजोबांसारखं झालं.

पत्रक चांगलं लिहिलंयस. जुन्या अद्भुतपटांना नव्या आवृत्त्यांसाठी हात लावू नका, ते ज्यांनी केले त्यांच्याबरोबर त्यांना म्हातारं होऊ द्या, हे वाक्य मी दोनदा वाचलं. कॅमेरावाल्या काकांची सही आहे, सिनेमातल्या आईचीही आहे. त्यांच्याखाली माझ्यासाठी जागा ठेवून पेन्सिलीने फुली मारलीयस, तीही पाहिली. आणि ते शेवटचं वाक्य: “एका लहान मुलीला फळ्यांखाली लागलेली डुलकी पुन्हा चित्रित करता येत नाही.”

पत्रक आल्यावर तुझ्या भाचीला समोर बसवून तुझ्या लहानपणीचा तो आपला सिनेमा पुन्हा पाहिला. सुरुवातीला तिच्या जिभेला विश्रांती नव्हती. “आई, कपाला दोरा बांधलाय, दिसतोय बघ!” “आई, मावशी किती सावकाश रडते!” टोपी घातली की मुलगी दिसेनाशी होते, मग टोपी निघतच नाही, आणि घरात आपण कुणालाच दिसत नाही म्हणून शेवटी ती घर सोडते, हे तिला पटलं, पण “टोपी कापून का नाही काढत?” हे तिचं पालुपद चालूच होतं. मग ते स्वयंपाकघर आलं. जमिनीवर सांडलेलं पीठ, त्यात एकामागून एक उमटत दाराकडे निघालेली पावलं, आणि दाराच्या जरासं अलीकडे ती थांबतात ती जागा. पावलं पुन्हा निघून बाहेर पडली तेव्हा पोरीने माझा हात धरला होता.

थोड्या वेळाने म्हणाली, “यात तू कुठे आहेस?”

“मी जमिनीखाली आहे.”

मग सगळं सांगावं लागलं. सुतारकाकांनी उभा केलेला फळ्यांचा ओटा, फळ्यांना पावलांच्या आकाराची भोकं, भोकांत बसवलेले लाकडाचे तुकडे आणि वर पीठ पसरलेलं. खालून तुकडा ओढला की वरचं पीठ खचायचं आणि पाऊल उमटायचं. खाली पोटावर सरपटण्यापुरतीच जागा, त्यामुळे मोठं माणूस शिरत नव्हतं. मी सहा वर्षांची होते, आईबरोबर आयतीच येऊन बसलेली होते आणि घाबरत नव्हते. तू दारापाशी, कॅमेऱ्यात येणार नाहीस अशी उभी. तू टाच आपटायचीस, मी तुकडा ओढायचा. आवाज नंतर भरणार होते, त्यामुळे टाचेला कुणाची हरकत नव्हती.

“म्हणजे दिसते तेव्हा मावशी, आणि दिसत नाही तेव्हा तू?”

मी हसले. मग कप विसळायला आत गेले आणि ते बराच वेळ विसळत राहिले.

“आणि थांबलीस ते झोप लागली म्हणून ना?” तिने बाहेरून विचारलं. तिला माहीत असणारच. तू मुलाखतीत सांगतेस, घरी कुणी आलं की सांगतेस, आणि फार छान सांगतेस. मी कशी घोरत होते तेसुद्धा करून दाखवतेस. आई तर मला कितीतरी वर्षं ‘डुलकी’च म्हणायची. मी कधी नाही म्हटलं नाही.

आता जे फोनवर सांगायचं टाळलं ते लिहिते. आपला तो सिनेमा नव्याने करणारी दिग्दर्शिका माझ्या दुकानात आली होती. तिशीची असेल, केसांत पेन्सिल खोचलेली. आली ती चष्म्याच्या नावाखाली, पण खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, “तुमच्या ताई मला दारात उभं करत नाहीत, म्हणून खिडकीतून आले.”

मी तुझीच बाजू घेतली बरं का. म्हटलं, नवीन काही सुचत नाही म्हणून तुम्ही लोक जुन्याला रंग लावता. आता आमची मुलगी उडेल, टोपीतून आग निघेल, आणि वर कानठळ्या बसवणारं संगीत.

“उडणार नाही,” ती म्हणाली. “पीठच असेल आणि फळ्याच असतील. लहानपणी आजारी असताना हा सिनेमा मी इतक्या वेळा पाहिला की आईने शेवटी कॅसेट लपवून ठेवली. नावडती गोष्ट कोण पुन्हा सांगत बसेल? जुना कुठे पळून जात नाहीये. पण माझ्या भाच्याला तो लावून दिला की तो उठून जातो. मग त्याला ही गोष्ट कुणी सांगायचीच नाही का?”

मला एकदम आपली आई आठवली. झोपताना गोष्ट सांगायची आणि दर वेळी काहीतरी बदलायची. तू उठून बसायचीस, “काल असं नव्हतं! कालच्यासारखी सांग!” आई म्हणायची, “कालची काल संपली गं बाई.” तू रुसायचीस. मला मात्र दोन्ही आवडायच्या.

मग तिने तिचं खरं काम काढलं. “पावलं थांबतात तिथे मी अडलेय. डुलकीच असेल, तर माझ्या सिनेमातली मुलगी तिथे थांबणार नाही, सरळ बाहेर जाईल. का थांबली ते माहीत नसताना थांबवली, तर ती नुसती नक्कल. तुम्ही खरंच झोपला होतात?”

‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं, सवयीने. म्हटलं, “बहिणीला विचारून सांगते.”

ताई, मी जागी होते.

मी टाचेची वाट बघत होते. दाराजवळ आले होते, तोंडासमोरच फळ्यांमध्ये फट होती, आणि त्या फटीतून मला तुझा पाय दिसत होता. वर उचललेला. तो थरथरत होता, पण खाली येत नव्हता. शेजारी सुतारकाकांची माणसं दुसऱ्या खोलीचा सेट उतरवत होती, ती तेवढ्यापुरती थांबली होती. शूटिंगचा शेवटचा दिवस होता. आई सकाळीच म्हणाली होती, सोमवारपासून शाळा. मला एवढंच कळलं की तुला टाच टेकवायची नाहीये. मग ती टेकली आणि मी तुकडा ओढला.

वर सगळे विचारायला लागले, काय झालं, तेव्हा तू म्हणालीस, “झोपली असेल ती!” मला बाहेर काढलं, केसांत पीठ, सगळे हसले, म्हणून मीही हसले. तू नऊ वर्षांची होतीस. मला वाईट वाटलं नाही गं. वाटलं असेल तर पुढे कधीतरी, थोडं.

हे तुला दोषी धरायला लिहीत नाहीये. लोक ते बघून रडतात, आणि परवा माझ्या पोरीने माझा हात धरला, ते एका डुलकीसाठी असेल हे मला आत कुठेतरी कधीच पटलं नाही. ती मुलगी थांबली, कारण तिला जायचं नव्हतं. ते तू केलंस. तुझ्या सबंध कामात ते सगळ्यात चांगलं आहे आणि नेमकं तेच तू माझ्या नावावर टाकून दिलंस.

बाजारात बायका तुला थांबवतात, मुलांना सांगतात, “ही बघ, टोपीवाली मुलगी.” मी शेजारी पिशव्या धरून उभी असते आणि तुझा चेहरा बघत असते. तो उजळतो, ताई. उद्या मुलं दुसऱ्याच कुणाला टोपीवाली म्हणतील, ही भीती मला कळते. तिच्यावर माझ्याकडे औषध नाही. पण पत्रकातला तेवढा एक सिनेमा वाचवून ती जाईल, असंही मला वाटत नाही.

मी त्या दिग्दर्शिकेकडे काम घेतलंय. महिनाअखेरीपासून दुकानातून रजा. लहान मुलांना आता फळ्यांखाली घालत नाहीत म्हणे, तेव्हा तुकडे ओढायला मीच. ओटा उंच करणार आहेत, माझ्या गुडघ्यांना मान देऊन.

तुझ्या पायाचं तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पाय तुझा होता. तुला वाटलं तर तू सांग, तिला किंवा मला. येऊन दारापाशी उभी राहिलीस तर सोन्याहून पिवळं. नाही सांगितलंस, तर नवी मुलगी न थांबता बाहेर जाईल, मी एकेक तुकडा ओढत जाईन, आणि तुझी थांबलेली पावलं जुन्या सिनेमात आहेत तशी राहतील. तेही चालेल. मात्र मला झोप लागली होती असं यापुढे म्हणू नकोस. माझ्यापुढे तरी नको.

रागाने का होईना, फोन कर. वाफ घे.

पत्रक सोबत परत पाठवते आहे. फुली खोडलेली नाही, तिथली जागा कोरीच आहे. तू माझी सही मागितली होतीस, ती इथे करते.

तुझी,
धाकटी