वीज संस्थेचं दार आणि खजुराच्या वड्या

तीर्थस्वरूप आर्डिसताईस,

लेक ओलिना गावाहून तुझ्या धाकट्या बहिणीचा, खिडकीच्या चौकटीपर्यंत साचलेल्या बर्फासकट, नमस्कार.

तुझा खुबा कसा आहे ते खरं खरं कळव. मागच्या वेळी ‘तसं बरं आहे’ एवढंच लिहिलं होतंस, आणि आपल्याकडची माणसं ऑपरेशनच्या टेबलावरूनही तसं बरं आहे म्हणतात, त्यामुळे माझ्या जिवाला घोर लागला. भावजींचा खोकला थांबला का? माझं विचारशील तर तसं बरं आहे.

हे पत्र हाताने का लिहिलं, असं तुला वाटेल. संस्थेने मला सुरक्षा अधिकारी केल्यापासून माझा ईमेलवर विश्वास उरलेला नाही आणि फोनवर तर त्याहून नाही. आता म्हणे यंत्र कुणाचाही आवाज हुबेहूब काढतं आणि म्हाताऱ्या माणसांना फोन करून लुबाडतं. म्हणून गेल्या रविवारी तू फोन केलास तेव्हा मी आपल्या लहानपणच्या गाईचं नाव विचारलं. तो काही तुझा अपमान नव्हता. (तू नाव चुकीचं सांगितलंस. तरी मी पाऊण तास बोलत राहिले, कारण मध्येच फोन ठेवणं बरं दिसत नाही.) पत्र शेजारचा हार्लन आणून देईल. तो शुक्रवारी गुडघा दाखवायला शहरात येतोय. पत्र फोडून वाचायचा त्याचा स्वभाव नाही, आणि चष्मा तो घरीच विसरतो.

सुरक्षा अधिकारी म्हणजे मोठं काही समजू नकोस. आपल्या वीज सहकारी संस्थेत इतकी वर्षं मी बिलं घेते, चाव्या माझ्याकडे असतात, म्हणून चेअरमन गेरहार्ड म्हणाले की सुरक्षा आधीपासून तुझ्याकडेच आहे, आता फक्त नाव देतो. पगार तोच. नाव द्यायचं कारण असं की विमा कंपनीने अट घातली: चोर नुसते तारेतून येत नाहीत, दारातूनही येतात, तेव्हा आम्ही गुपचूप तीन परीक्षा घेऊ. शेवटची तरी पार पडलात तर विमा, नाही तर नाही. विमा नसेल तर संचालक मंडळ आपलं कार्यालय बंद करून सगळा कारभार जिल्ह्याच्या गावी नेणार. म्हणजे व्हर्ना, तारांची कामं बघणारा ड्वेन, मी आणि बाकीचे आठजण घरी, आणि बिल भरण्याच्या निमित्ताने कॉफी प्यायला येणारे सगळे म्हातारे रस्त्यावर. ताई, हसण्यावारी नेतेय खरी, पण मी फार घाबरले होते.

पहिली परीक्षा ईमेलची. ‘तुमचं पार्सल अडकलंय, इथे दाबा.’ अकरापैकी आठांनी दाबलं. व्हर्नाने (काउंटरवरची, ऑर्गन वाजवते ती) दाबलं तर दाबलंच, वर उत्तर लिहिलं की तुम्हाला उगाच त्रास झाला, सावकाश पाठवा, थंडी फार आहे. दुसरी परीक्षा दाराची. एक माणूस दोन्ही हातांत डोनटचे खोके घेऊन आला आणि ड्वेनने त्याला दार उघडून दिलं, कोट काढून घेतला, आणि पाठ दुखू नये म्हणून स्वतःच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची कॉम्प्युटरसमोर होती. ड्वेन अजून म्हणतो की डोनट ताजे होते.

तेव्हा मी ठरवलं, आता शिस्त. दारावर पाटी लावली: ‘कृपया कोणासाठीही दार धरून ठेवू नये. क्षमस्व.’ (क्षमस्व व्हर्नाने नंतर जोडलं.) रोज कॉफीनंतर सराव. एकाने बाहेर जायचं, हात भरलेले असल्याचं दाखवायचं, आणि दुसऱ्याने आतून बघत राहायचं. ताई, काय सांगू, उणे वीसमध्ये काचेपलीकडे उभ्या माणसाकडे बघत राहणं म्हणजे काळीज दगडाचं लागतं. एकदा सरावाच्या वेळेला खरे पास्टर आले. व्हर्नाने त्यांनाही घेतलं नाही. नियम म्हणजे नियम. पास्टरांनी बाहेरून हात हलवला, हिने आतून हलवला, आणि मग ही कोपऱ्यात जाऊन रडली. संध्याकाळी माफीचा केक घेऊन त्यांच्याकडे गेली, तर ते म्हणाले की तुला वाईट वाटेल म्हणून मीच केक करून ठेवलाय. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आपल्याकडे तर ती सगळ्या गावाची बहीण आहे.

आणि मग या सोमवारी तो आला. विशीतला पोरगा, हातात भलामोठा खोका, अंगावर शहरी पातळ कोट, आणि ताई, हातमोजे नाहीत. टोपीही नाही. कान बिटासारखे लाल. व्हर्ना काउंटरमागून माझ्याकडे बघतेय, ड्वेन पाटीकडे बघतोय. मला कळत होतं की हा तोच आहे. शंभर टक्के कळत होतं. आणि तरी या तुझ्या बहिणीने, सुरक्षा अधिकाऱ्याने, स्वतः उठून दार उघडलं आणि वर म्हटलं, “अरे बाळा, आईने असं पाठवलं तुला?”

तो म्हणाला, “मी प्रिंटर तपासायला आलोय.” व्हर्नाने कॉफी विचारली. तो नको म्हणाला. आता पहिलं नको कोण मोजतं? दुसरं नको म्हणजे माणूस विचारात पडलाय. तिसऱ्यांदा विचारायच्या आधीच व्हर्नाने कप त्याच्या हातात दिला होता आणि माझ्या खजुराच्या वड्यांचं काचेचं भांडं पुढे सरकवलं होतं. (तेच, आईचं, निळ्या कडेचं. ऑफिसच्या फ्रिजमध्ये असतं.)

“नाव काय म्हणालास?”

“ब्रेंडन. ब्रेंडन कोवालचिक.”

“कोवालचिक म्हणजे नदीपलीकडच्या, सॉमिलवाल्या कोवालचिकांपैकी का रे?”

“नाही, म्हणजे... आजी तिकडचीच होती.”

झालं. तिथून पुढे बिचाऱ्याचा ताबा सुटला. वीस मिनिटांत व्हर्नाने त्याच्या आजीचं माहेर, आईचं पित्ताशयाचं दुखणं, धाकट्या भावाचं कर्ज, आणि ख्रिसमसच्या आधी त्याला सोडून गेलेली मुलगी एवढं सगळं काढून घेतलं. ती मुलगी कुठे कामाला आहे तेसुद्धा. तो प्रिंटर बघायला उठला की ड्वेन सोबत उठायचा, कारण पाहुण्याला एकटं फिरू देणं आपल्यात नाही. तो सर्व्हरच्या खोलीकडे वळला तर ड्वेनने त्याला खांद्याला धरून बाहेर नेलं आणि नवा ट्रान्स्फॉर्मर दाखवला, सगळा, सावकाश. शेवटी त्याने संडास विचारला. ड्वेन दाराबाहेर उभा राहून मासेमारीच्या गोष्टी सांगत होता, म्हणजे आत पोराला अवघडल्यासारखं होऊ नये.

बाहेर आला तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, “बाई, मला कबूल करायचंय. मी तुमची परीक्षा घ्यायला आलो होतो.”

व्हर्ना म्हणाली, “ते दिसतंच आहे की. परीक्षा कुठे पळून जाते? आधी आणखी एक वडी घे.”

तो डोकं धरून हसायला लागला. म्हणाला, मी मोठमोठ्या बँकांत शिरलोय, तिथे कुणी माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. इथे दार पहिल्या मिनिटाला उघडलं आणि त्यानंतर एक क्षण मला कुणी एकटं सोडलं नाही. काय लिहू अहवालात तेच कळत नाही. मी म्हटलं, जे खरं ते लिही, पण आमचं पोट त्याच्यावर आहे एवढं ध्यानात ठेव. मग तो निघाला. निघाला म्हणजे कोट घातला. मग टेबलापाशी निरोप, दाराशी निरोप, गाडीपाशी निरोप, आणि काच खाली करून निरोप. ड्वेनने आपले जुने हातमोजे दिले आणि व्हर्नाने उरलेल्या वड्या भांड्यासकट सीटवर ठेवल्या. निकाल अजून लागलेला नाही. देवावर भरवसा ठेवून आहे. बाकी सर्व क्षेम. भावजींना नमस्कार.

तुझी,
मार्लिस

ता. क. ब्रेंडन तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. (पत्ता व्हर्नाने काढून घेतला आहे, सोबतच्या चिठ्ठीवर आहे.) पोरगा गुणी आहे, नोकरी चांगली आहे, आणि तुझी कर्स्टनही अजून कुणाशी ठरवत नाही. सहज आपलं सुचलं.

पुन्हा ता. क. सहज नाही सुचलं. ताई, तुझ्यापासून काय लपवू. संस्थेच्या मुख्य कॉम्प्युटरचा पासवर्ड फक्त मला माहीत असायला हवा. तो दर महिन्याला बदलायचा, त्यात आकडे हवेत, चिन्हं हवीत, आणि अर्थ मात्र काही असू नये. माझ्या डोक्यात तो राहीना. तेव्हा चर्चच्या जेवणावळीला आपण भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी लावतो ना, तशी पट्टी आईच्या त्या भांड्याला लावून तिच्यावर पासवर्ड लिहिला. म्हटलं, दुसऱ्याचं भांडं उपडं करून कोण बघतं? आणि व्हर्नाने ते भांडंच चोराच्या हाती दिलं, जामदारखान्याच्या किल्लीसकट. सोमवारपासून कॉम्प्युटर बंद केलेला नाही, कारण बंद केला तर पुन्हा उघडणार नाही. बटणावर ‘हात लावू नये’ असं लिहून ठेवलंय. वीज संस्थेची बाई वीज जाऊ नये म्हणून प्रार्थना करतेय, असं कधी ऐकलं होतंस? तर तू हार्लनला घेऊन त्या मुलाकडे जा, कर्स्टनची ओळख करून देतेस असं दाखव, आणि भांडं घेऊन ये. त्याच्यासमोर उपडं करू नकोस.

पुन्हा एकदा ता. क. जाऊ नकोस. हार्लनची गाडी दारात सुरू आहे आणि आत्ताच कुरियरवाला भांडं देऊन गेला. रिकामं नाही हो, त्याच्या आजीच्या पद्धतीची, खसखशीच्या गोड पावाची गुंडाळी भरून. पोराला वळण आहे. भांडं उपडं केलं. माझी पट्टी जशीच्या तशी, आणि तिच्या शेजारी दुसरी, त्याच्या अक्षरात: ‘तुम्ही पास आहात. अहवाल मंगळवारी गेला. भांडं बुधवारी घासलं. कृपा करून हा बदला.’ ताई, मी तिथेच खाली बसले आणि रडले, आणि हार्लन भोंगा वाजवत राहिला.

बदललाय. या वेळी पूर्ण नियमाप्रमाणे, कार्यालयात कुठेही लिहून ठेवलेला नाही. हार्लन पत्रासोबत तुला ते भांडं देईल. अर्धी गुंडाळी आम्ही खाल्ली, राहिलेली तुम्ही खा, पण भांडं उपडं करू नकोस, केलंस तर वाचू नकोस, आणि घासायचं तर नाहीच. सोमवारी सकाळी मी फोन करून विचारीन. मीच बोलतेय याची खात्री करून घे. गाईचं नाव विचार. आणि मी दोनदा ‘राहू दे, तुला कशाला त्रास’ म्हणेन, तिकडे लक्ष देऊ नकोस. तिसऱ्यांदा सांग.