निळा फ्रॉक सैल होतोय

३ फेब्रुवारी, सोमवार

पिटूच्या यकृतावर चरबी! नऊ वर्षांच्या पोरीच्या! रक्तातली साखरही काठावर. डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि मी त्यावरच्या आकड्यांकडे बघत बसले. छपाई इतकी पुसट की धड वाचताही येईना.

सातव्या महिन्यात झालेली पोर ही. पावणेदोन किलोची. म्हणून तर पिटुकली, पिटू. कापसात गुंडाळून वाढवली. घासभर पोटात गेलं की वाटायचं, आजचा दिवस जगली. तसंच नऊ वर्षं भरवत राहिले, थांबायचं कुठं ते कळलंच नाही. आता वर्गात सगळ्यांत मोठा गणवेश तिचा असतो. मीच शिवते, मला माहीत असायला हवं होतं.

बाई बरंच बोलल्या. तिला वेगळं ताट नको, घरात सगळ्यांनी एकच खा. बंदी घालू नका, नको ते घरात आणूच नका. रोज तासभर पळू दे, खेळू दे. "वजन उतरवायचं नाहीये. उंची वाढतेय, वजन आहे तिथं थांबलं तरी खूप झालं." घरात काटा नको, सारखं मोजलं की पोरं धास्तावतात – कपड्यांवरून अंदाज येतोच म्हणाल्या. आणि आम्हा दोघांचंही रक्त तपासायचं आहे. ती चिठ्ठी बटणांच्या डब्यात टाकली. आमचं काय, आम्ही ठणठणीत.

तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कपड्यांवरून अंदाज? ते तर माझंच काम! मी शिवायला बसते त्या दुकानात उरलेल्या निळ्या कापडाचा फ्रॉक शिवला. अगदी अंगाबरोबर, कमरेला घट्ट. दर रविवारी हाच घालून बघायचा. सैल झाला की जिंकलो.

आमचे टेलर मास्तर कात्री चालवता चालवता म्हणाले, "इतका घट्ट? पोरीला श्वास तरी घेता येईल का?" वीस वर्षं गणवेश कापतायत, त्यामुळे सगळ्या पोरांची काळजी त्यांनाच. घट्ट असला तरी सवयीने दोन्ही बाजूंच्या शिवणींत दीड-दीड इंच कापड आत ठेवलंच मी. लहान मुलांच्या कपड्यात माया सोडली नाही तर मास्तर ओरडतात.

सुईत दोरा ओवायला पिटूच. माझ्याच्याने हल्ली होत नाही. दुकानातला दिवा बदलायला सांगितलं पाहिजे.

९ फेब्रुवारी, रविवार

बटणं लागली, पण ओढूनताणून. ती पोट आत घेऊन उभी. मी म्हटलं, "सोड श्वास." सोडला तर मधलं बटण तटकन उडालं आणि पलंगाखाली गेलं. पिटू हसली. मला हसू आलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कपाटाला कुलूप लावलं. बिस्किटं, साखर, जॅम, सगळं आत. किल्ली माझ्या गळ्यात. वेगळं ताट नको म्हणे! तिच्या बापाला दिवसभर बस चालवून आल्यावर काकडी वाढू? आणि मी तरी मशीनवर आठ-आठ तास बसते, दोन बिस्किटं चहात बुडवल्याशिवाय पाय हलत नाही. पोरीचा प्रश्न आहे तर पोरीनेच करायला हवं ना. वाटी मोजून भात, उकडलेली भाजी, एक फळ.

नवरा म्हणाला, "अगं, वाढतं अंग आहे. आपण चापून खायचं आणि तिने बघत बसायचं?"

मी म्हटलं, तू बाहेर जाऊन खा मग. तो खरंच गेला.

१६ फेब्रुवारी, रविवार

फ्रॉक तसाच. तसूभर फरक नाही. आजपासून गच्चीत दोरीवरच्या उड्या, दोनशे. मी मोजते. एकशे वीसला ती खाली बसली, म्हणाली, "आई, छातीत दुखतंय." मी म्हटलं, नाटकं नकोत. पूर्ण केल्या. रडत केल्या.

लिहितानाही लाज वाटते आहे. पण मी काय करू? कुणीतरी सांगा मला, मी काय करू!

२० फेब्रुवारी, गुरुवार

शाळेतून आली ती गप्प. दप्तर ठेवलं आणि दुकानात माझ्या मशीनखाली जाऊन बसली. लहानपणची जागा ती, आता मावत नाही, गुडघे बाहेर येतात. नंतर मास्तरांकडून कळलं. पोरांनी तिला 'दुकान' असं नाव ठेवलंय. आईचं दुकान आणि ही दुकानाएवढी, म्हणून पिटू दुकान. मास्तरांना सांगितलं, मला नाही.

मला का नाही सांगितलं?

२ मार्च, रविवार

फ्रॉक लागला! न ओढता! सगळी बटणं!

मी तिला उचलून गोल फिरवायला गेले, कसली उचलतेय, दोघी पलंगावर आडव्या. इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. पिटू माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "आई, तू किती दिवसांनी हसलीस."

९ मार्च, रविवार

आता कमरेत बोट जातं. बोट! आभाळ ठेंगणं झालंय मला.

आणि गंमत म्हणजे माझेही ड्रेस सैल व्हायला लागलेत. तिच्यासाठी एवढी धावपळ चाललीय, मला आपोआप फायदा. दोन ड्रेस आत घेतले. आरशात बघितलं तर गालफडं जरा बसलीयत, पण कंबर लग्नातल्यासारखी! शेजारीण म्हणाली, "काय गं, काय खातेस?" मी नुसती हसले.

१८ मार्च, मंगळवार

पिटू एकदम शहाण्यासारखी वागतेय. ताटात दिलं तेवढं खाते, मागत नाही. उड्या न सांगता मारते. दुकानातही माझ्या बाजूला बसून चिंध्यांवर टाके घालत असते. हात फार बारीक चालतो तिचा. सहा वर्षांची असताना मांडीवर घेऊन शिकवलं होतं. मास्तर म्हणाले, "ही तुझ्यापेक्षा सरस निघणार." बरं वाटलं.

मग हळूच म्हणाले, "बोलत का नाही पण ती?"

२३ मार्च, रविवार

फ्रॉक अजून सैल. तीन बोटं. नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "मला तर पोर तशीच दिसते." ह्याला बसच्या काचेपलीकडचं काय दिसतंय!

बोटाला सुई लागली होती गेल्या महिन्यात, ते अजून चिघळतंय. हळद लावली.

७ एप्रिल, सोमवार

दमते मी फार. तहानही सारखी लागते. मशीनशेजारी पाण्याच्या दोन बाटल्या ठेवते, दुपारपर्यंत संपतात. उकाडा असेल. पिटू न सांगता भरून आणते. पोर किती समजूतदार झालीय, आणि मी मात्र दिवसभर तिच्या ताटात डोकावत असते.

आज उड्यांना गेलेच नाही. तिला म्हटलं, तूच मोज.

२० एप्रिल, रविवार

चार बोटं. आता हा फ्रॉक टाकून एक माप लहान शिवायला हवा. डॉक्टरीणबाईंना दाखवायला नेणार आहे. पिशवीत भरूनही ठेवला.

पिटू म्हणाली, "नको ना नेऊ."

मी म्हटलं, "अगं वेडे, लाजतेस काय? बक्षीस देतील."

५ मे, सोमवार

वजन चार किलोने वाढलंय.

मी नर्सशी भांडले. काटा बिघडलाय म्हटलं. तिने स्वतः उभं राहून दाखवलं, मग शेजारच्या खोलीतला काटा आणला. तोच आकडा. मी पिशवीतून फ्रॉक काढला, सगळ्यांसमोर नाचवला – हे बघा, हे बघा, चार बोटं सैल! तिथल्या बाकांवरच्या सगळ्या आया माझ्याकडे बघायला लागल्या. पिटू भिंतीकडे तोंड करून उभी.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. दार लावलं, मला पाणी दिलं. मी पेला रिकामा केला, दुसरा मागितला, तिसराही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही दोघांनी रक्त तपासलंत का?" मी म्हटलं, माझं राहू द्या हो, पोरीचं बघा!

"आधी तुमचं," म्हणाल्या. खाली नेऊन रक्त घ्यायला लावलंच. नवऱ्याचं उद्या.

घरी येऊन फ्रॉक उलटा केला. डोळ्यांना टाका दिसत नव्हता, म्हणून शिवणीवरून बोट फिरवलं. मशीनची टीप नव्हती. हाताची होती. एक एक टाका तांदळाच्या कणीएवढा, ओळीत, कुठे ढिला नाही. जुनी शिवण उसवून अर्धा इंच बाहेर, परत उसवून अर्धा इंच, परत. दोन्ही बाजूंनी. आत ठेवलेलं सगळं कापड संपलं होतं.

मास्तर माझ्याबद्दल म्हणायचे, हिच्या नजरेतून टाका सुटत नाही. तीन वेळा सुटला. बाहेरून जुन्या टिपेची भोकं दिसत असणार, आणि मी दर रविवारी तिथंच बोटं घालून बघत होते!

चिंध्यांच्या पिशवीत हात घातला. तळाशी बिस्किटांचे, वेफर्सचे कागद. घड्या घालून, कापडात गुंडाळून ठेवलेले.

ओरडायचं म्हणून गेले. पिटू पलंगाच्या कडेला बसली होती, हात मांडीवर, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. मला विचारायचं होतं का खोटं वागलीस. तोंडातून एवढंच आलं, "कधी शिवलंस गं?"

"तू अंघोळीला गेलीस की."

"का?"

"फ्रॉक सैल झाला की तू हसायचीस. नाहीतर नाही."

मी जमिनीवर बसले. उठवेना. ती रडत नव्हती, मीच रडत होते, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. नऊ वर्षांची पोर! मला घाबरून, बाहेरून आणून लपून भराभरा खाणारी, आणि मग मला बरं वाटावं म्हणून टाके घालणारी. पोरीला खायला शिकवायला निघाले होते. शिकवलं काय तर लपवायला.

६ मे, मंगळवार

दुकानात गेले नाही. मास्तरच घरी आले. फ्रॉक दाखवला. त्यांनी चष्मा लावून शिवण बघितली, बोटाने चाचपली. "काम सुंदर आहे," म्हणाले, आणि तिथंच बसून राहिले. जाताना म्हणाले, "तिला गच्चीत एकटीला उड्या मारायला लावू नकोस. माझ्याबरोबर बाजारापर्यंत चालत पाठव. मलाही कुणी सोबत नाही."

नवऱ्याने जेवताना स्वतःच्या ताटातलं पिटूच्या ताटात वाढलं, मग तिच्यातलं स्वतःच्यात. तो रक्त देऊन आलाय.

मला उठून बसायलाही जीव नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते. रडून रडून होत असेल.

७ मे, बुधवार

नवऱ्याचं रक्त ठीक. माझी साखर तीनशे साठ.

डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. आजच्या आज यायचं, उद्या नाही. कितीतरी महिन्यांपासून असणार म्हणाल्या. तहान लागते का, वजन उतरलंय का, अंधुक दिसतं का – मी नुसतं हो, हो, हो. ड्रेस आत घेतले तेही सांगितलं.

नवरा पिशवी भरतोय, मी हे घाईघाईने लिहितेय. गळ्यातली किल्ली काढून पिटूच्या हातात दिली. म्हटलं, आता माझ्या खाण्यावर तू लक्ष ठेव, कपाटाला कुलूप घाल.

तिने कपाट उघडलं, कुलूप काढून खिडकीत ठेवलं. म्हणाली, "कुलूप नको गं आई. कुलूप घातलं ना, की जास्त भूक लागते."