पाणवठ्याची वाट

।। श्री ।।
जंगल कँप, १८ एप्रिल

ती. संजीवकाकांस ऋजुताचा सा. न. वि. वि.

तुम्ही आलात तेव्हा आणलेल्या काकूंच्या चिवड्याचा पहारेकऱ्यांनी फडशा पाडला. हत्ती दिसताच तुम्ही चपला काढल्यात, त्याची ड्रायव्हर अजून नक्कल करतो.

काका, आपण पाहिलेला तो मोठा सुळेवाला हत्ती मारला गेला. सुळे कापून नेले. उन्हाळ्यात बाकीची तळी आटली की हत्ती उरलेल्या एकाच पाणवठ्यावर येतात. शेजारी बांबूची दाटी असली की शिकारी लपतो, रस्ता जवळ असला की निसटतो. तिथे हे सगळंच होतं. म्हणून मी गस्त मागितली होती. ती सुरू व्हायच्या आधीच घात झाला.

वनखात्याचे साहेब म्हणतात, जागेची माहिती माझ्याकडूनच फुटली. जंगलात हत्तींचा अभ्यास करायची माझी परवानगी महिनाअखेरीस ठरेल. इथे फोन लागत नाही, म्हणून पत्र. त्या जागेबद्दल कुणाला बोलला नाहीत ना?

तुमची ऋजुता

।। श्री ।।
वेस्ट मांबलम, २२ एप्रिल

चि. ऋजुतास अनेक आशीर्वाद.

बोललो.

गजाननाने प्रत्यक्ष दर्शन दिलं असं वाटून मी त्या हत्तीचा फोटो भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली पाणवठ्याचं नाव लिहून. तू बजावलं होतंस. मला वाटलं, भाविकांपासून कसलं लपवायचं? फोटो कुठे कुठे गेला. एका अनोळखी गृहस्थाने फोन करून दर्शनाची वाट विचारली. तुझ्याकडून ऐकलेलं सगळं मी हौसेने सांगितलं: आता तेवढंच पाणी उरलंय, हत्ती संध्याकाळी येतो, चहामळ्याकडून रस्ता जवळ. तो मला ‘स्वामी’ म्हणाला. मी सुखावलो.

काकू म्हणते, गप्प बसा, साहेब चार दिवसांत विसरतील. एक दिवस बसलोही. पण देवापुढे उभं राहवेना. उद्याच्या निलगिरी एक्स्प्रेसने निघतो. त्या फोनवाल्याचा नंबर साहेबांना देतो, चूक माझी म्हणून लिहून देतो. लोभ मागायला मला तोंड नाही.

संजीवकाका

।। श्री ।।
जंगल कँप, ३० एप्रिल

ती. काकांस सा. न. वि. वि.

तुम्ही दिलेल्या नंबरावरून दोघे शिकारी सापडले. सुळे नाही मिळाले. माझी परवानगी गेली. साहेब म्हणाले, पाहुण्याला तिथे नेलं कुणी?

त्या दिवशी तुम्ही कचेरीच्या बाकावर बसला होतात, तेव्हा मी मुद्दाम मागच्या दाराने गेले. राग होताच, लाजही वाटत होती. माझं काम घरच्या कुणीतरी एकदा पाहावं, एवढ्या हौसेपायी तुम्हाला नेलं होतं.

सोमवारी सामान घेऊन येते. सेंट्रल स्टेशनवर घ्यायला या. वाटेत मी बोलणार नाही कदाचित, तुम्हीही बोलू नका. पण या. सध्या माया एवढीच जमेल.

ऋजुता