बारा नंबरचे खाडे

मंगळ., ४ मार्च
पळस्प्याला पोचले तर फॅक्टरीच्या गेटवर जनाबाई उभी. कोन गावची. एकतीस नंबरच्या जागेवर कोलंबी सोलते. महिन्यात पाचाच्या वर खाडे झाले की नाव बंद. काल लागलेल्या यादीत तिचं एकटीचंच नाव, सहा खाडे. "मॅडम, मी येक दिस खाडा केला नाय. बोटं बगा माजी." बोटं पाहिली, सोलून निघालेली. तरी म्हटलं, कॉम्प्युटर चुकत नाही. वीस वर्षं हेच ऐकवतेय सगळ्यांना.

बुध., ५
झोप नाही. हजेरी नावावर नाही, जागेच्या नंबरावर लागते. कागद कुठेच नाही. जनाबाईकडे पुरावा म्हणजे मी लिहिलेला प्रोग्राम. आणि तोच तिच्या विरुद्ध.

गुरु., ६
सापडलं. मेले मी.
गेल्या महिन्यात साहेब म्हणाले, नोटीस बोर्डावर नावं अ-आ-इ प्रमाणे लावा. त्यासाठी प्रोग्राममध्ये छोटी प्रोसीजर लिहिली, नावांचा ॲरे, म्हणजे ओळीने लावलेली नावं, तिच्याकडे पाठवला. मला वाटलं झेरॉक्स जातेय. गेली मूळ प्रत! तिने आत नावांचा क्रम फिरवला, तो बाहेरही फिरला. खाड्यांचा ॲरे मात्र जुन्याच क्रमाने, जागेप्रमाणे. त्यानंतर बंदची यादी छापली. नव्या क्रमात बारावी आली जनाबाई, म्हणून बारा नंबरचे खाडे तिच्या नावावर.
कॉलेजातल्या पोरांना हेच शिकवायचे मी. वर दरडावायचे. लाज वाटते.

शुक्र., ७
बारा नंबरला सुरेखा बसते. सहा खाडे तिचे. पोरीला डायलिसिसला न्यावं लागतं, घरात दुसरं कोणी नाही.
हे कालच बघायला हवं होतं. बघायचं नव्हतं, खरं म्हणजे.

शनि., ८
साहेबांना गाठलं. म्हटलं प्रोग्राम तपासतेय, तोवर जनाबाईला आत घ्या. ते म्हणाले, "सोमवारी यादी परत काढा. नियम सगळ्यांना सारखा." सुरेखाचं बोलायला तोंड उघडलं, त्यांचा फोन वाजला. मी निघून आले. भेकड.
जेवणाच्या सुट्टीत सुरेखाच आली. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या. "मॅडम, माजं नाव नाय आलं. तुमीच सांबाललं ना? कुनाला बोलनार नाय मी."
नाही म्हणवलं नाही. एक भाकरी घेतली.

रवि., ९
काही नाही. देवासमोर बसले, उठले.

सोम., १०
आता प्रोसीजरला नक्कल देते, मूळ ॲरेला हात लागत नाही. तीनदा चालवून पाहिलं. बरोबर येतंय. इतकं बरोबर की बघवत नाही.
यादीत एकच नाव.
साहेबांच्या केबिनबाहेर बसून हे लिहितेय. कागद पर्समध्ये. जनाबाई गेटवर, आठवडा झाला. सुरेखा आत, आपल्या जागेवर. आधी सांगायचं, चूक माझी. मग पोरीचं सांगायचं. ऐकलं नाही तर
बोलावलं.